बाहुलीची सोयरीक

"कोणाला विचारून अक्षता गेल्या वाडीवर? मला कळू दे. या घरात मी अजून जिता हाय ना?"

वाल्मिक अंगणात उभा राहून ओरडत होता आणि मांडवाला जांभळीच्या डहाळ्यांचे टाळ बांधणाऱ्या पोरी हातातलं सुंभ तसंच धरून उभ्या होत्या. मांडव तरी कसला! चार बांबू आणि वर टाळ, मोठ्या माणसाने आत जायचं तर वाकून जावं लागेल एवढाच. आत पाटावर हळदीने माखलेली चिंध्यांची बाहुली बसवलेली. तिच्या लग्नावरून हा सहा फुटी गडी सकाळी सकाळी घसा फोडत होता. किन्हवलीच्या बाजारात चार भांडणं मिटवणारा, लोक ज्याला शहाणा म्हणून विचारायला येतात, तो.

"मी दिल्या," काशी म्हणाली. सुपात तांदूळ निवडत होती ती, तिने मान वर केली नाही. "नवरा हिरीचा हाय. मंग तिच्या घरी आवतण नको जायाला?"

"नवशा ठाकराच्या दारात आपली सुपारी? आई, तुला काय वाटतंय का नाय?"

"लेकरांचं लगीन हाय, वाल्मिक. भूमी नि हिरी दोघी जाऊन ठेवून आल्या. मी नुसत्या अक्षता पिवळ्या करून दिल्या."

ओटीवर पाय लांब करून बसलेल्या धोंडीबाईने पानाची पिंक अंगणात टाकली. वाल्मिकची ही आत्या म्हशाकडची. कालच्या एसटीने आली होती, आणि येऊन चहा घेईपर्यंत तिने 'नवरा कोणाचा' हे विचारून घेतलं होतं. तोवर या घरात कोणालाही तो प्रश्न पडला नव्हता. मांडवाचे बांबूसुद्धा वाल्मिकनेच तोडून दिले होते.

"वयनी, तुझं डोकं फिरलं काय गो?" धोंडीबाई काशीला म्हणाली. "मुलगी देताना घर बघतात, घराणं बघतात. आपल्या दारातली नवरी ठाकराच्या झोपड्यात घालणार तू?"

"वन्स, बाहुली हाय ती."

"आज बाहुली हाय. उद्या?"

आठ वर्षांची पोर, चिंध्यांची बाहुली, आणि या लोकांना उद्याची सोयरीक दिसायला लागली! चिंधीला जात कुठून येते, हे विचारायची बुद्धी तिथे उभ्या असलेल्या एकाही शहाण्याला झाली नाही.

झाली फक्त धाकट्या सुनेला, भूमिकाच्या आईला, नम्रताला. ती न्हाणीशी भांडी घासत होती, ती राखेचे हात तसेच घेऊन पुढे आली.

"दादा, हिरी नाही तर लग्नच नाही. हे लग्न तिच्यामुळे निघालंय."

"लगीन होईल," वाल्मिक म्हणाला. आता तो हळू आवाजात बोलायला लागला, आणि जे त्याला ओळखतात त्यांना माहीत आहे की हे जास्त वाईट. "नवरा बदलायचा. रघूशेठ दुपारी जेवायला येतायत, त्यांची नात सोनाली येतेय संगती. तिच्याकडे बाहुला हाय कल्याणहून आणलेला, सुटाबुटातला. मी फोन करून सांगितलंय, घेऊन या. मोठ्या घरची पोर हाय, भूमिकाला चांगली मैत्रीण मिळंल."

म्हणजे सगळं ठरवून मोकळा! रघूशेठच्या वीटभट्ट्या, रघूशेठचे हात वरपर्यंत, आणि पुढच्या निवडणुकीत वाल्मिकला उभं राहायचं होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोरीच्या खेळात स्वतःची तिकिटाची सोय बघणारा हा काका, आणि वर म्हणे मैत्रीण मिळवून देतो.

"आणि हिरी?"

"तिला जेवायला घाल ना. कोण नको बोलतंय? मागल्या अंगणात पान मांड, पोटभर जेव बोल."

नम्रता आणखी पुढे आली. "दादा, दिवाळीपासून माझी पोर एकटी बसलीय या घरात. तेव्हा कुठे होती हो तुमची सोनाली?"

"हरेश," वाल्मिक धाकट्या भावाकडे वळला, "बायकोला आवर."

हरेश मांडवाचा बांबू हलतोय का ते बघत होता. बांबू पक्का होता, तरी तो बघतच राहिला.

*

हरेशचं काय चुकत होतं ते हरेशला चांगलं कळत होतं. वाशिंदच्या कंपनीला कुलूप लागलं आणि दिवाळीनंतर तो बिऱ्हाड टेम्पोत घालून गावी आला, तेव्हा वाल्मिकने एक अक्षर विचारलं नाही. खोली रिकामी करून दिली, पंगतीत पान वाढलं. त्या न विचारण्याचं ओझं हरेशच्या मानेवर बसलं होतं. खाल्ल्या घरचे वासे कसे मोजायचे, असं त्याला वाटे.

पण पोरीचे हाल त्याने बघितले होते. वाशिंदला चाळीचा जिना भरून मैत्रिणी होत्या तिला. इथल्या शाळेत पोरी अंगणवाडीपासून जोडीने बसलेल्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. 'ही वाशिंदची' एवढंच तिचं नाव पडलं. डबा खाताना गोल करून बसायच्या आणि हिच्यापुरती जागा सोडायच्या नाहीत. मग सकाळी शाळेच्या वेळेला पोटात दुखायला लागलं. नम्रताने काय काय केलं नाही! वाढदिवसाला केक आणला, वेफर्स वाटले, सगळ्या पोरी आल्या, खाल्लं, पिशव्या घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खाऊ संपला की येणंजाणंही संपलं. पोर मग परसात बसून बाहुलीशी बोलायला लागली, तासन्‌तास, हळू आवाजात. ते ऐकून नम्रता चुलीपुढे बसून रडायची.

आणि एके दिवशी नाल्यापलीकडच्या ठाकूरवाडीतली हिरी वर्गात शेजारी येऊन बसली. तिच्याही शेजारी कोणी बसत नव्हतं. बाहुली बघून तिने सरळ विचारलं, "हिचं लगीन नाय झालं अजून? माझ्याकडं नवरा हाय." झालं! पोर त्या दिवशी घरी आली ती बोलतच आली.

पुढचं नम्रताने केलं. पोरांना नुसतं 'खेळा' म्हणून सांगितलं की ती खेळत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं, हे तिच्या ध्यानात आलं. गावातल्या एकेका पोरीला तिने बोलावून काम दिलं. एक करवली, एक नवरीची मामी, एकीने हळद कुटायची, एकीने पपईच्या देठाची पिपाणी वाजवायची. काम मिळालं तशा पोरी यायला लागल्या. सुट्टी लागल्यापासून अंगणात नुसता कलकलाट. हिरी नाला ओलांडून सकाळीच हजर. परवा दोन पोरींनी भूमिकाला आपल्यातली चिंचेची गोळी दिली, आणि त्या रात्री नम्रता हरेशला म्हणाली, झोप येत नाहीये हो, आनंदाने.

तीच नम्रता आता गोठ्यामागे त्याच्यापुढे उभी होती.

"तुम्ही काय मूग गिळून बसलात?"

"नम्रता, दादाने आपल्याला घरात घेतलं."

"घरात घेतलं? घर काय त्यांचं एकट्याचं आहे?"

"एका बाहुल्यावरून भांडण लावू का आता?"

"बाहुल्यावरून नाही, तुमच्या पोरीवरून लावा! तिला पहिली मैत्रीण मिळाली, तिला तुमचे दादा सांगतायत, ही नको, ही घे. भाजी आहे का ती? आणि त्या हिरीला मागल्या अंगणात पान मांडायचं. मी मांडू? मी?"

"हळू बोल गो."

"मी हळू बोलणार नाही. तुम्ही तरी जोरात बोला की एकदा."

भूमिका गोठ्याच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहिली होती, परकराला हळदीचे हात पुसत. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. "पप्पा, हिरीचा नवरा येणार ना?"

हरेशने आधी बायकोकडे बघितलं, मग घराकडे. "बघू."

"बघू म्हणजे नाय," भूमिका म्हणाली आणि परत गेली. तिच्या आवाजात रडं असतं तर हरेशला समजूत घालता आली असती. रडं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

*

आत चुलीवर लापशीचं पातेलं होतं आणि ते ढवळत सकुबाई, वाल्मिकची बायको, सासूशी बोलत होती. नम्रताशी तिचं संक्रांतीपासून धड नव्हतं. धाकटी आली ती शहरी ऐट घेऊन आली, असं ती विहिरीवर सांगत असे. त्यामुळे काशीला वाटलं, ही आता नवऱ्याचीच री ओढणार.

"आई, हे बरं नाय केलं तुमच्या लेकानं."

काशीने मान वर केली.

"मी या घरात नवी आले तवा वर्षभर माझ्याशी कोण बोलत होतं, सांगा. तुमी धोंडीआत्याला घाबरून बोलत नव्हत्या. पावण्यांसमोर मी मुकी. माझ्याशी बोलायची ती राही. हिरीची आई. लावणीला एका रांगेत उभ्या राहायचो आमी, बांधावर एका फडक्यातली भाकर खाल्लीय. मी रडले की मला हसवायची. आणि ती या दारात आली की मी काय करते? परातीतला भात तिच्या टोपल्यात वरून टाकते. वरून! हात लागू नये म्हणून." सकुबाईने पळी पातेल्यावर आपटली. "माझीच मला लाज वाटतेय, आणि ह्यांचा मला राग येतोय. असा राग येतोय की ही लापशी उचलून त्या रघूशेठच्या डोक्यावर ओतावी."

"अगो, हळू!"

"तुमी सगळी आयुष्यभर हळूच बोला."

काशीला सुनेचं बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं. ती धवलारीण होती. पंचक्रोशीतल्या किती लग्नांत तिने धवले म्हटले होते. धवलारणीने गाऊन हळद लावल्याशिवाय आणि गाऊन नवरानवरीचे हात जोडल्याशिवाय इकडे लग्न लागत नाही. मांडवात भल्याभल्यांना ती उठवायची, बसवायची. आणि मांडवाबाहेर पडली की या नणंदेपुढे तिची वाचा बसायची, आज नातवंडं झाली तरी. "मी काय करू गो?" ती पुटपुटली.

"ते मला नका विचारू," सकुबाई म्हणाली.

*

रघूशेठची जीप आली तेव्हा मांडवाखाली पोरी वेड्यासारख्या उभ्या होत्या. आता काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. सोनाली उतरली, हातात खोका. खोक्यात काचेच्या डोळ्यांचा, काळ्या सुटातला बाहुला. पोरी त्याला हात लावायला धावल्या तर सोनाली म्हणाली, "खराब होईल." बिचारीला घरून सांगून पाठवलं असणार. रघूशेठ खुर्चीत बसले, धोंडीबाईने त्यांची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली.

आणि नाल्याकडून ढोल वाजला.

अख्खी वाडी आली होती. आवतण आलं, अक्षता आल्या, मग ती माणसं खेळ समजून घरी बसतील? पुढे नवशा, धुतलेली टोपी घालून. त्याच्या मागे राही, डोक्यावर सूप, सुपात तांदूळ आणि त्यावर तांबडं फडकं घडी घालून ठेवलेलं. तिच्या पुढे हिरी, दोन्ही हातांनी पांगाऱ्याच्या लाकडाचा नवरा छातीशी धरलेला, त्याला पळसाच्या पानाची टोपी आणि कपाळाला हळद. नवऱ्याची आई म्हणून तिने आज आईचं लुगडं गुंडाळलं होतं आणि ते पायात येत होतं.

"नवशा, अरे एवढी माणसं कशाला आणलीस?" वाल्मिक पुढे झाला.

"आवतन आलं मालक," नवशा हसून म्हणाला. "नवरदेवाची वरात म्हनल्यावर घरात कोन बसंल?"

"अरे, पोरांचा खेळ तो."

"आमीबी पोरांसाटीच आलो."

राहीने सूप खाली उतरवलं. "आमच्यात नवऱ्याकडचे देत्यात," ती काशीला म्हणाली. "नवरीचा तांदूळ हाय, नि हे लुगडं तिला. माझ्या लग्नातल्या लुगड्याचा काठ फाडून शिवलाय."

"अगोबाय, देज आणलाय ठाकरांनी!" धोंडीबाई खो खो हसली. एकटीच हसली.

वाल्मिकने घसा खाकरला. त्याला रघूशेठपुढे हे सगळं लवकर आटपायचं होतं, म्हणून तो चक्क म्हणाला, "हे बघ नवशा, नवरा बदललाय. शेठच्या नातीचा बाहुला हाय आता. तुमी मागल्या अंगणात बसा, जेवून जा. उपाशी नाय पाठवणार."

ढोल बंद पडला. हिरीने भूमिकाकडे बघितलं. तिने हातातला लाकडी नवरा आणखी घट्ट धरला. इतक्या मोठ्या माणसांच्या अंगणात त्या पोरीची बाजू घेणारा एक आवाज निघू नये? हरेश तिथेच उभा होता. तो पुन्हा मांडवाचा बांबू चाचपायला लागला.

"वयनी, म्हण धवला," धोंडीबाईने हुकूम सोडला. "तो सुटातला ठेवा पाटावर. उरका."

कोणीतरी बाहुला पाटावर ठेवला. तो नीट बसेना, सारखा मागे पडे. सगळे काशीची वाट बघत राहिले.

"अगो म्हण की!"

"नाय म्हणणार," काशी म्हणाली.

"काय?"

"नाय म्हणणार मी धवला!" आणि या वेळी तिचा आवाज मांडवातला होता, पंचक्रोशीला ओळखीचा. "ज्याच्या घरी सुपारी गेली तो नवरा दारात उभा हाय. आवतण द्यायचं नि वरात परतवायची? असलं लगीन मी जन्मात लावलं नाय. आज माझ्याच दारात लावू? वन्स, तुमी रीत शिकवायला आलात ना मला? ही कुठली रीत? म्हशाला अशी करतात?"

"आई, पावणे बघतायत," वाल्मिक दात आवळून म्हणाला.

"बघू दे! कल्याणच्या नवऱ्याला कल्याणची धवलारीण आण."

रघूशेठ खुर्चीत चुळबुळले. सकुबाई चुलीपुढून तशीच बाहेर आली आणि तिने सगळ्यांदेखत राहीचा हात धरला. "ये गो राही. वर ये, ओटीवर ये."

राहीने हात सोडवून घेतला. झटकला नाही, पण सोडवला. "नको. बलावून हाकलत्यात तिथं आमी बसत नाय." तिने सूप उचलून डोक्यावर घेतलं. "चल गो हिरे."

वाडी वळली. सकुबाई हात तसाच पुढे धरून उभी राहिली.

तेव्हा भूमिका मांडवात शिरली, पाटावरची आपली बाहुली उचलली, आणि धक्का लागून तोंडावर पडलेल्या सुटातल्याकडे न बघता बाहेर आली.

"भूमे, कुठं चाललीस?" वाल्मिक ओरडला.

"सासरी."

"अगो, लगीन कुठं लागलंय अजून?" धोंडीबाई.

"तिकडे लागेल. मी पाठराखीण आहे."

बाहुलीला कडेवर घेऊन ती हिरीच्या मागे पळाली. करवली झालेली पोर दोन पावलं पुढे आली. "भूमे, नि मी? माझं काम राहिलंय ना!"

"तू पण ये की!"

मग काय! हळदवाली निघाली, मामी निघाली, पिपाणीवाली पिपाणी वाजवतच निघाली. आया दारातून हाका मारत राहिल्या. सगळ्यात शेवटी जीपजवळ उभी असलेली सोनाली आजोबांकडे बघून म्हणाली, "मी पण जाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता तीही पळाली. काशीने पदर खोचला, नणंदेच्या अंगावरून गेल्यासारखी ओटीखालून गेली आणि पोरींच्या मागे चालायला लागली. नम्रता तिच्या मागे.

मांडवापुढे मोठी माणसं उरली.

*

रघूशेठ जेवले नाहीत. "सोनालीला जीपने पोचवा," एवढं सांगून दुसऱ्या कोणाच्या मोटारसायकलवर गेले. तिकिटाचा विषय निघालाच नाही. ऊन उतरलं तरी वाडीकडून काशीचा आवाज येत होता आणि त्यात पोरींचे चिरके आवाज.

सोनालीला घ्यायला गेलेला जीपवाला निरोप घेऊन आला. "राही बोल्ली, शेठची पोर न्या. पण भूमिकाला असं नाय पाठवणार. नवरी नि पाठराखीण रीतीनं जातील. मुराळी येऊ द्या."

"मुराळी!" वाल्मिक फुत्कारला. "बाहुलीला मुराळी पाठवायचा? त्यांच्या दारात?"

"मंग मुराळी गेल्याबिगर मुलगी माहेरी कशी येईल?" धोंडीबाई बोलून गेली. जन्मभर रीत रीत करणाऱ्या बाईच्या तोंडून ते आपोआप निघालं. लगेच तिने तोंडावर हात ठेवला, पण दारातून सकुबाई हसलीच.

"हसतेस काय? हरेश, तू जा. पोरीला उचल नि आण. आणि नवशाला सांग, उद्यापासून माझ्या शेतावर दिसू नको."

हरेश खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घालत होता.

"मी जातो दादा. पण हा निरोप नाय नेणार."

"काय म्हणालास?"

"तुझ्या तोंडानं सांग तू. पोरीचा खेळ मोडलास, तो मी गप बसून मोडू दिला. आता त्याच्या घरची चूल विझवायला मी तुझा सांगकाम्या होणार नाय!" शेवटचं वाक्य तो एवढ्या मोठ्याने बोलला की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

*

वाडीत राहीच्या अंगणात पंगत बसली होती. पळसाच्या पानांवर भात, आणि पोरी एकमेकींच्या पानातलं ओढून खात होत्या. काशी भिंतीला टेकून बसली होती, आवाज बसलेला. नम्रता वाढत होती.

हरेश अंगणाच्या कडेला चपला काढून थांबला. राही आडवी आली.

"मुराळी आला काय?"

"आलो."

"मंग ऐका. माजी पोर नवरा घेऊन तुमच्या दारात उभी व्हती. तुमी बापे मानसं व्हता तिथं. एकानं त्वांड उघाडलं नाय. म्हातारी बोल्ली, पोरी बोल्ल्या, तुमी नाय."

राही त्याच्या वाटेतून हलली नाही.

"आज ह्या आल्या, खेळल्या. शाळा उगडल तवा काय? माजी पोर तुमच्या पोरीच्या शेजारी बसनार, तुमच्या अंगनात येनार. पुन्हा कोनी हाकलली तर? सारकं सारकं हे सोसाया ती काय दगुड हाय? तसं असंल तर आत्ताच तोडा. आज रडंल नि इसरंल."

नम्रताच्या हातातली पळी थांबली. काशीही बघायला लागली. हरेशने एकदा पंगतीकडे बघितलं. भूमिका तोंडात घास असताना हिरीला काहीतरी सांगत होती आणि हिरी हसून हसून पोट धरत होती. दिवाळीपासून आपल्या पोरीला कोणाला हसवताना त्याने बघितलं नव्हतं.

"हिरी ओटीवर येऊन खेळंल," तो म्हणाला. "दादाला चालत नसंल तर मी चूल वेगळी मांडतो. पण ती येईल."

"मला नका सांगू. तिला सांगा."

हरेश पंगतीत गेला आणि हिरीपुढे उकिडवा बसला. एवढ्या लहान पोरीशी कसं बोलायचं ते त्याला सुधरेना. "हिरी, मघाशी मी बोलायला पायजे होतं. नाय बोललो. चुकलो."

हिरीने त्याच्याकडे नीट बघितलं. "बरं," ती म्हणाली. "आता सरका, भात सांडंल."

पोरी खिदळल्या. हरेशने डोळे पुसले आणि लेकीकडे हात पुढे केला. "चल भूमे. मुराळी आलाय न्यायला."

"आत्ता?" भूमिका चिडून ओरडली. "आत्ता नाही! आमच्या नवऱ्याची अजून हळद उतरायची आहे, मग आम्ही सगळ्या लपाछपी खेळणार आहोत, माझ्यावर राज्य आहे. तुम्ही उद्या या!"

आणि भाताचे हात तसेच घेऊन ती उठली, हिरीला ओढलं, आणि सगळा घोळका झोपडीच्या मागे पळाला.

हरेश टोपी सावरत तिथेच उभा राहिला. राही त्याच्याकडे बघत होती. मग तिने आतून पाट आणून त्याच्यापुढे ठेवला आणि पाण्याचा तांब्या शेजारी टेकवला.

"बसा मुराळी," ती म्हणाली. "नवरी काय एवढ्यात निघत नाय."